गुंठाभर जागेवरचं बैठं घर घेताना

धायरी, नऱ्हे, लोहगाव, चिखली, मोशी असं पुण्याच्या कडेकडेनं फिरलात, की टोलेजंग इमारतींच्या मधल्या बोळांत एक-दीड गुंठ्यावरची बैठी घरं दिसतात. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढं तुळस आणि दोन स्कूटरपुरती जागा, बाहेरून जिना, वर पत्र्याची एक खोली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी पगारातून, सोसायटीच्या कर्जातून, बायकोच्या बांगड्या मोडून बांधलेली. आता मुलं दुसरीकडे स्थिरावली आणि आई-वडिलांना जिना चढवत नाही, म्हणून ती विक्रीला निघतात. फ्लॅटच्या पैशात पायाखाली स्वतःची जमीन मिळते म्हटल्यावर नव्यानं घर घेणाऱ्याचं मन तिकडं ओढलं जाणारच.

मी बांधकामाच्या धंद्यात असल्यामुळे नात्यातलं कुणी असं घर बघायला निघालं की मला सोबत नेतं. बहुतेक जण पोचल्या पोचल्या आधी स्वयंपाकघराचा ओटा आणि फरशी बघतात. मी ते शेवटी बघतो. ओल काही हजारांत नाही तर लाख-दोन लाखांत जाते. सातबाऱ्यावरचा गुंता दोन पिढ्या जात नाही. त्यामुळे खाली दिलेला क्रम तुम्हाला उलटा वाटेल, पण तो तसाच ठेवा.

पहिली फेरी: टेप घेऊन जा

पहिल्या भेटीत मालकाशी किमतीचं बोलू नका. तीस मीटरचा टेप, टॉर्च, एक गोटी आणि एक नाणं एवढं बरोबर असू द्या.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. सातबाऱ्यावर मात्र गुंठा नसतो. तिथं हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतात, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. मालक तोंडी 'दीड गुंठा' म्हणतो, म्हणजे साधारण १६३३ चौरस फूट. उताऱ्यावर १.२० आर असेल तर ते झाले जेमतेम १२९२ चौरस फूट. मधले ३४१ फूट गेले कुठे? बहुतेक वेळा समोरच्या रस्त्यात. जुन्या गुंठेवारीत प्रत्येकाच्या जागेतून रस्त्यासाठी पट्टी सोडलेली असते आणि विकताना ती पट्टीही मोजून सांगितली जाते. चौरस फुटाला साडेचार हजारांचा भाव धरला, तर एवढ्या फरकाचे पंधरा लाखांहून जास्त होतात.

चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णांत फूट-दीड फुटाचा फरक आला, तर प्लॉट तिरका आहे. तिरक्या प्लॉटला काही पाप लागत नाही, पण पुढे मागे नवीन बांधायचं झालं तर त्या तिरकेपणात जागा वाया जाते. शेजाऱ्याचा छज्जा आपल्या हद्दीत येतोय का, आपलं पागोळीचं पाणी त्याच्या अंगणात पडतंय का, भिंत दोघांची सामाईक आहे का, हे तिथंच उभं राहून बघा. लहान जागेत भांडण फुटांवरून होत नाही, इंचांवरून होतं. व्यवहार पुढे सरकला, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करण्याची मोजणी मागवायला मालकाला सांगा. त्या मोजणीनंतर मिळणारी 'क प्रत' हाच नकाशा उद्या कामाला येतो. दलालाच्या मोबाइलमधला लेआउट नव्हे.

कागद: इथं वेळ घालवा

दुसऱ्यांदा घर बघायला जाण्याआधी कागदांच्या झेरॉक्स मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी भेट देऊच नका.

ताजा सातबारा काढा. सिटी सर्व्हेचा भाग असेल तर मिळकत पत्रिका. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो, त्यामुळे मालकानं दिलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या प्रतीवर विसंबायचं कारण नाही. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, विकणाऱ्याचं नाव कसं लागलंय. एकाच गट नंबरावर पंधरा-वीस नावं असतील आणि क्षेत्रापुढे 'सामाईक' लिहिलं असेल, तर तुम्ही अमुक चार भिंतींमधली जागा विकत घेत नसून मोठ्या तुकड्यातला अविभक्त हिस्सा घेताय. प्रत्यक्षात घर तुमचं, कुंपण तुमचं, पण कागदावर तुमचा हिस्सा नक्की कुठला ते कुणीच लिहिलेलं नाही. अशा जागेवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, आणि ज्या घरावर आज तुम्हाला कर्ज मिळत नाही, ते उद्या विकायला काढलंत तर तुमच्या गिऱ्हाइकालाही मिळणार नाही.

दुसरी, भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन. वर्ग दोनची जमीन, मग ती वतनाची असो वा सरकारनं दिलेली, परवानगीशिवाय विकता येत नाही. तिसरी, 'इतर हक्क' हा रकाना. बोजा, वारसांचे दावे, कोर्टाचे मनाई हुकूम सगळं तिथं असतं. तिथल्या प्रत्येक फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर लिहून घ्या आणि तो फेरफार काढून वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण 'बहिणींची नावं कमी केली' अशी नोंद दिसली तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, हे तिथंच कळतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. 'ताई काही मागणार नाही हो' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते ऐकलं की आधी ताईंचा फोन नंबर मागतो.

आता गुंठेवारीबद्दल. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा पाडून विकायला त्यात बंदी होती, तरी शहरांच्या कडेला शेतकऱ्यांनी गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकली आणि लोकांनी घेतली. ही घरं नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा आला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी विकासांना त्याचं दार उघडलं. तुम्ही बघताय ते घर या कायद्याखाली नियमित झालं असेल, तर महापालिकेचं तसं प्रमाणपत्र असतं. ते असेल तर उत्तम. 'अर्ज केलाय, होऊन जाईल' असं सांगितलं, तर घर अजून नियमित नाही असं समजून भाव करा.

बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा पत्र (बांधून झाल्यावर राहायला मिळणारी परवानगी): हे चारही असलेलं बैठं घर दुर्मीळच. खालचा मजला मंजूर आणि वरची खोली नंतर चढवलेली, हा नेहमीचा प्रकार. मालक पुढं करतो ती मिळकतकराची पावती. लक्षात घ्या, पालिका अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेते, आणि कर घेतला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. वीजबिलाचंही तेच.

आणखी एक. मधल्या काळातला एखादा व्यवहार नुसता नोटरीसमोर किंवा कुलमुखत्यारपत्रावर झालेला असेल, तर थांबा. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या 'विक्री'नं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. साखळीत एक कडी अशी असली, की पुढची सगळी खरेदीखतं हवेत लटकतात. त्यासाठीच वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. वकील तुमचा हवा; दलालानं सुचवलेला, मालकाच्या ओळखीचा नको. तेवढ्या फीसाठी मागेपुढे बघणारी माणसं सोफ्यावर त्याच्या तिप्पट खर्च करतात.

नकाशे

घर तुमचं आणि कागद चोख, तरीही त्यावर विकास आराखड्यातला रस्ता जात असू शकतो. गट नंबर देऊन पालिकेकडून किंवा पीएमआरडीएकडून (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा घ्या. समोरचा सहा मीटरचा बोळ आराखड्यात बारा मीटर दाखवला असेल, तर उद्या तुमची तुळस आणि निम्मा हॉल रस्त्यात जाईल. पुण्याभोवती तर हद्दच बदलत राहते. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. त्यामुळे जुनी परवानगी ग्रामपंचायतीची, नंतरची कुणाची आणि आता कर कुणाला भरायचा, याची सरमिसळ असते. ग्रामपंचायतीचा नुसता ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

नदी-ओढ्याजवळ असाल तर पूररेषा बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम चालत नाही. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडले. हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम झाला होता. तिथल्या लोकांनीही पैसे मोजूनच जागा घेतल्या होत्या. ओढे तर त्याहून फसवे. उन्हाळ्यात गटारासारखा दिसणारा आंबील ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन काय करून गेला, ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

निगडी, तळवडे, रुपीनगर, चिखलीचा काही भाग इकडे बघत असाल, तर देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा दोन हजार यार्डांचा रेड झोन, म्हणजे बांधकामबंदीचा पट्टा, विचारा. लोहगाव, धानोरीकडे हवाई दलाच्या तळामुळे बांधकामावर आणि उंचीवर बंधनं आहेत. रेड झोनमधली घरं स्वस्त दिसतात, त्याचं कारण हेच.

गल्ली आणि पाणी

रविवारी सकाळी दलालाबरोबर बघितलेलं घर आणि मंगळवारी संध्याकाळी सात वाजता एकट्यानं बघितलेलं घर ही दोन वेगळी घरं असतात. गाडी कुठं लागते, समोरून टेम्पो आला तर कोण मागं घेतं, अग्निशमनचा बंब वळेल का. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस चालू असताना जा. रस्त्याची पातळी डांबराचे थर चढून चढून घराच्या जोत्याच्या वर गेली असेल, तर पाणी तुमच्या दारातच येणार. जोतं रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट उंच असावं.

पाण्याची चौकशी मालकाकडं करू नका, शेजारणीकडं करा. नळ किती दिवसांनी, किती वाजता, किती वेळ? मोटर लावावी लागते का? एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात? माणशी रोज १३५ लिटर धरलं तर चौघांना ५४० लिटर लागतं, म्हणजे हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. बोअरवेल असेल तर नळाच्या तोंडावर आणि बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर बघा, म्हणजे पाणी किती जड आहे ते समजेल. ड्रेनेज पालिकेच्या वाहिनीला जोडलंय की सेप्टिक टँक आहे? टँक असेल तर तो आपल्या किंवा शेजारच्या बोअरपासून किती लांब, आणि तो उपसायला गाडी आत येते का? अशा गल्ल्यांत सेप्टिक टँक उपसायची गाडी न आल्यामुळे काय काय होतं, ते इथं लिहीत नाही.

घर: वरून खाली

आता कुठं घर. गच्चीपासून सुरू करा, कारण पाणी वरून खाली येतं.

गच्चीवर गोटी सोडा. ती पाणी जायच्या भोकाकडं घरंगळली तर उतार ठीक. मध्येच थांबली तर तिथं पाणी साचतं. कोब्याला भेगा आहेत का, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी गोलाई तुटली आहे का, टाकीखाली ओल आहे का, ते पाहा. पत्र्याची खोली असेल तर तिच्या पायाखालून स्लॅबला गळती असतेच असं धरून चाला.

खाली येऊन त्याच जागेचं छत बघा. नवा रंग फक्त छताला किंवा एकाच भिंतीला दिलेला असेल, तर विचारा. आमच्या एका नातेवाइकांनी एप्रिलमध्ये रंगवलेलं चकचकीत घर घेतलं. जुलैत हॉलच्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटले, आणि आतून दिसली ती गंजून फुगलेली सळई. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलते; हे दिसलं की काम नुसत्या प्लास्टरचं राहत नाही. छतावर नाण्यानं किंवा काठीनं टकटक करा. ठणठणीत आवाज आला तर बरं. पोकळ, बद्द आवाज येत असेल तिथं प्लास्टर सुटलंय किंवा आत गंज चढलाय.

भेगांची भीती सगळ्यांना असते, आणि ती बहुतेक चुकीच्या भेगांची असते. प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा सर्वत्र असतात. स्लॅब-बीमच्या खाली भिंतीला आडवी सरळ भेग असली, तरी ती दोन वेगवेगळ्या वस्तूंच्या सांध्याची असते. घाबरायचं ते खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून तिरक्या जाणाऱ्या भेगेला, विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणाऱ्या भेगेला, आणि नाणं शिरेल इतक्या रुंद भेगेला. दोन्ही बाजूंनी, आतून आणि बाहेरून, एकाच जागी दिसली तर ती भिंतीतून आरपार आहे.

याचं मूळ बऱ्याचदा जमिनीत असतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत किंवा कातळापर्यंत गेलेला नसेल, काळ्या मातीतच टेकलेला असेल, तर घर दर वर्षी श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं आणि भेगा बुजवल्या तरी परत उघडतात. शेजारी कुणाच्या प्लॉटवर खोदाई चालू असेल तर जाऊन बघा, किती फुटांवर मुरूम लागला. फुकटात मिळणारी माती परीक्षा आहे ती.

खांब-तुळयांचं बांधकाम आहे की भिंतींवरच सगळा भार आहे? कोपऱ्यांत खांबांचे कोपरे बाहेर डोकावतात का बघा, बांधकाम करणारा मिस्त्री हयात असेल तर विचारा. भार भिंतींवर असेल तर 'पुढे वर एक मजला चढवू' हा बेत आत्ताच सोडून द्या. आणि मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचा बेतही.

भिंतीच्या तळाशी दोन-तीन फुटांपर्यंत लोणा चढलेला दिसला, म्हणजे जमिनीतून ओल वर येतेय. जोत्याच्या पातळीवरचा ओलरोधक थर टाकलेला नसतो किंवा फुटलेला असतो. घर राहण्याजोगं असतं, पण दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा खर्च ठरलेला. वायरिंग जुनं असेल, अर्थिंग नसेल, तर ते पूर्ण बदलायचंच असं धरा. फरशी, ओटा, खिडक्या यांच्याकडं मी फक्त हिशोबापुरतं बघतो.

किमतीचा हिशोब

बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस करतो तसाच करायचा. जमीन वेगळी, बांधकाम वेगळं. खालचे भाव फक्त समजण्यासाठी आहेत. तुमच्या गल्लीतले भाव तुम्ही शोधायचे, आणि तेही दलालाच्या तोंडून नव्हे तर नोंदणी कार्यालयातल्या अलीकडच्या खरेदीखतांच्या सूची क्रमांक दोनमधून.

समजा जमीन १२०० चौरस फूट, भाव ४५००. झाले ५४ लाख. बांधकाम ८५० फूट, आज तसंच नवं बांधायला चौरस फुटाला २००० धरले तर १७ लाख. घर २४ वर्षांचं. आयुष्य साठ वर्षांचं धरून, शेवटी दहा टक्के मोल उरेल असं मानलं, तर घसारा छत्तीस टक्के. म्हणजे सहा लाख बारा हजार वजा, उरले दहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार. एकूण जवळपास पासष्ट लाख. त्यातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, सळयांची दुरुस्ती यांचा खर्च वजा करा. मालक पंच्याऐंशी सांगत असेल, तर वरचे वीस लाख कशाचे आहेत ते त्यालाच विचारा. बहुतेकदा ते आठवणींचे असतात. त्यांचा मान ठेवा, पैसे देऊ नका.

पुढे बांधायचं मनात असेल तर गावठाणाबाहेर, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) १.१ एवढाच मिळतो, हे धरूनच जमिनीचा भाव ठरवा. मालक कदाचित रुंद रस्त्यावरच्या प्लॉटचा भाव सांगत असेल.

खिशातून जाणारे पैसे वेगळे मोजा. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के, खरेदी बाईच्या नावावर असेल तर सहा. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. शुल्क खरेदीच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या) दरावर, जे जास्त असेल त्यावर. पासष्ट लाखांना सात टक्क्यांनी चार लाख पंचावन्न हजार. कर्ज तीस ते पंचाहत्तर लाखांच्या टप्प्यात असेल तर मूल्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच मिळतं, म्हणजे इथं बावन्न लाख. तेरा लाख स्वतःचे, त्यावर शुल्क आणि नोंदणी: एकूण सतरा लाख पंच्याऐंशी हजार रोख हवेत, आणि दुरुस्तीला वेगळे. व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणाऱ्यावर ढकलू नका.

इसार ते खरेदीखत

इसार द्यायच्या आधी बँकेकडं कागद टाका. बँकेच्या वकिलानं नाही म्हटलं तर ती तुमची फुकटची दुसरी तपासणी समजा. इसाराची रक्कम लहान ठेवा, चेकनंच द्या, आणि पावतीत लिहून घ्या की कागदांत दोष निघाला तर पैसे परत. त्यानंतर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, तेही नोंदणीकृत; मग कर्ज मंजुरी, शेवटचं खरेदीखत आणि त्याच दिवशी ताबा. 'थोडे वर द्या, थोडे खाली', म्हणजे काही रक्कम खरेदीखतात न दाखवता रोख, या बोलीला हो म्हणू नका. वरचे पैसे कर्जात दिसत नाहीत, आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा कागदावरची खरेदी कमी दिसल्यामुळे तुमच्याच नफ्यात उलटे येतात.

खरेदीखत झालं की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव लागायला फेरफार व्हावा लागतो. नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग सातबाऱ्याचा फेरफार मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. महिन्याभरानं स्वतः उतारा काढून बघा. महावितरणचं मीटर नावावर करा, पालिकेत करआकारणी बदलून घ्या. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर मिळकतकरात चाळीस टक्के सवलत असते. ती नव्या मालकाला आपोआप मिळत नाही, पीटी-३ अर्ज भरून द्यावा लागतो. जुन्या मालकाच्या पाणीपट्टीची थकबाकी किती आहे, ते मात्र चावी हातात घेण्याआधी विचारा.